ग्लुकोजचा आकडा किती खरा? छोट्या लॅबमधल्या मोजमापाची चूक शोधून कमी करण्याची पद्धत

उपाशीपोटीचं ग्लुकोज १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं, आणि पुन्हा तपासूनही तसंच आलं, की मधुमेहाचं निदान होतं. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. या रेषांच्या आसपास असलेला माणूस कोणत्या गटात पडेल हे मोजमापातली चार-पाच टक्क्यांची चूक ठरवू शकते. इंदूरमधली कॉलेजं आणि छोट्या लॅब मिळून असे अभ्यास करतात तेव्हा पैसा बहुधा नव्या मशीनवर खर्च होतो. चूक मात्र बऱ्याचदा मशीनच्या आधीच झालेली असते. म्हणून मशीन बदलण्याआधी चूक नेमकी कुठे आणि किती होते ते मोजा. खालची पद्धत जीओडी-पीओडी किट (एन्झाइमने रंग आणून ग्लुकोज मोजणारं) आणि सेमी-ऑटो अॅनालायझर (सॅम्पल आणि रीएजंट हाताने मिसळून वाचायचं मशीन) वापरणाऱ्या लॅबसाठी आहे.

आधी किती चूक चालेल ते लिहून ठेवा. माणसाचं ग्लुकोज दिवसागणिक आपोआप थोडं वर-खाली होतं. त्या चढउतारावरून ग्लुकोजसाठी काढलेली आणि बरीच वर्षं वापरात असलेली उद्दिष्टं अशी: सीव्ही (तेच सॅम्पल पुन्हा पुन्हा मोजताना आकडे सरासरीच्या किती टक्के विखुरतात ते) २.९ टक्क्यांपेक्षा जास्त नको, बायस (खऱ्या आकड्यापासून कायम एकाच बाजूला होणारी चूक) २.२ टक्क्यांपेक्षा जास्त नको, एकूण चूक ६.९ टक्क्यांच्या आत. एकूण चूक म्हणजे बायस अधिक १.६५ गुणिले सीव्ही. समजा बायस १.५ आणि सीव्ही २.० टक्के, तर एकूण चूक ४.८ टक्के, चालेल.

ट्यूब लॅबमध्ये येईपर्यंत

आता ही ६.९ टक्क्यांची मर्यादा पुढच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. रक्त न सेंट्रिफ्यूज करता साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलं, तर पेशी ग्लुकोज खात राहतात आणि तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घट होते. उकाड्यात हा वेग वाढतो. महू, राऊ किंवा सांवेरच्या कलेक्शन सेंटरवरून मे महिन्यात डिकीत ठेवून आणलेली ट्यूब दीड तासाने सेंट्रिफ्यूजमध्ये गेली, तर १२८ चा माणूस सहज ११६ वर येतो. एवढी चूक कोणतंही मशीन भरून काढू शकत नाही.

करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब वापरली की प्रश्न मिटला, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ग्लुकोज तुटण्याच्या साखळीत फ्लोराइड अडवतं ते एनोलेज हे एन्झाइम, आणि ते साखळीत बरंच खाली आहे. वरचे टप्पे चालूच राहतात, त्यामुळे पहिला तास-दोन तास घट जवळपास फ्लोराइड नसल्यासारखीच होते. साइट्रेट बफर असलेली ट्यूब आम्लता वाढवून साखळीच्या सुरुवातीलाच अडवते. ती परवडत असेल तर अभ्यासापुरती तीच घ्या. नसेल तर फ्लोराइड ट्यूब लगेच बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा आणि ३० मिनिटांत प्लाझ्मा वेगळा करा. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ट्यूब ठेवू नका, कारण खडे ट्यूबला सगळीकडून टेकत नाहीत. दोन्ही प्रकारच्या ट्यूब रक्त घेतल्याबरोबर ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलट-सुलट करायच्या. हे राहिलं की तळाशी औषध तसंच पडून राहतं.

आपल्या लॅबमध्ये ही घट किती होते ते मोजणं कठीण नाही. एथिक्स समितीची मंजुरी आणि संमती घेऊन एका व्यक्तीचं रक्त चार ट्यूबमध्ये घ्या. एक लगेच सेंट्रिफ्यूज करा, बाकीच्या तीन नेहमीच्याच पेटीत ठेवून एक, दोन आणि चार तासांनी करा. वेगळा केलेला प्लाझ्मा फ्रीजमध्ये ठेवा आणि चारही एकाच रनमध्ये (मशीनवरच्या एकाच फेरीत), प्रत्येकी दोनदा वाचा. आठ-दहा जणांवर हे केलंत की पुरेसा अंदाज येतो. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळं करा.

पिपेट

या किटमध्ये साधारण १० मायक्रोलिटर सॅम्पल आणि १००० मायक्रोलिटर रीएजंट (रंग आणणारा द्रव) घेतात. रीएजंटची पिपेट एक टक्का चुकली तर रंग एक टक्क्याने बदलतो, आणि १० मायक्रोलिटरच्या पिपेटचंही तेच. तपासणी वजनावर करतात. पद्धत आयएसओ ८६५५ या मानकात आहे. १००० मायक्रोलिटरसाठी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा पुरतो, १०० मायक्रोलिटरसाठी ०.०१ मिलिग्रॅमचा लागतो.

पाणी, पिपेट, टिप आणि काटा कमीत कमी दोन तास एकाच खोलीत ठेवा. बाटलीतल्या पाण्याचं तापमान मोजा, भिंतीवरच्या थर्मामीटरवर जाऊ नका. तपासणीच्या वेळात ते अर्ध्या अंशाहून जास्त हलायला नको. म्हणून एसीचा झोत काट्यावर येऊ देऊ नका. काट्यात अरुंद तोंडाचं छोटं भांडं ठेवा आणि त्यात आधीच थोडं पाणी घाला.

नवी टिप लावा, पाच वेळा पाणी ओढून सोडा, मग मोजायला लागा. टिप २-३ मिलिमीटर बुडवायची, पिपेट उभी धरायची, बटण सावकाश सोडायचं, एक सेकंद थांबायचं. सोडताना टिप भांड्याच्या कडेला टेकवायची. अशी दहा वजनं पूर्ण क्षमतेला, दहा निम्म्याला आणि दहा क्षमतेच्या १० टक्क्यांना.

पाच वेळा ओढून सोडायची पायरी बहुतेक लॅबमध्ये गाळली जाते, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात त्याचीच किंमत मोजावी लागते. पिस्टन आणि द्रव यांच्यामध्ये हवेचा थर असतो. एप्रिल-मेमध्ये ही हवा कोरडी ठाक असते. पाणी आत आलं की त्याची वाफ या हवेत मिसळते, हवा फुगते आणि पहिल्या एक-दोन वेळा पाणी कमी भरतं. हवा ओलसर झाली की आकडा स्थिर होतो. त्यामुळे रोजच्या कामातसुद्धा टिप आधी भिजवा. त्याच कारणाने ही तपासणी पावसाळ्यात एकदा आणि ऐन उन्हाळ्यात एकदा करा.

भांड्यातून उडणारं पाणीही हिशेबात घ्या. पिपेट करण्याच्या सगळ्या हालचाली तेवढ्याच वेळात करा, फक्त पाणी टाकू नका, आणि वजन किती घटलं ते बघा. तेवढं प्रत्येक वजनात मिळवायचं.

मिलिग्रॅमचं मायक्रोलिटर करायला झेड गुणक लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. या दाबाला २० अंशांना झेड १.००२८, २५ अंशांना १.००३९. समुद्रसपाटीचे आकडे १.००२९ आणि १.००४० आहेत, म्हणजे उंचीमुळे फरक नगण्य पडतो आणि तापमानामुळे दहापट. दाबाची चिंता सोडा, थर्मामीटर चांगला घ्या.

समजा १०० मायक्रोलिटरच्या पिपेटची सरासरी ९९.२० मिलिग्रॅम आली, एका फेरीत ०.१० मिलिग्रॅम पाणी उडालं आणि तापमान २५ अंश आहे. ९९.३० गुणिले १.००३९ म्हणजे ९९.६९ मायक्रोलिटर, चूक ०.३१ मायक्रोलिटर कमी. १०० मायक्रोलिटरच्या पिपेटला सरासरीत ०.८ पर्यंत आणि एसडीत (आकड्यांच्या विखुरणीचं माप) ०.३ मायक्रोलिटरपर्यंत सूट आहे. १००० च्या पिपेटला ८ आणि ३. ही पिपेट सरासरीत पास. एसडी ०.३ च्या वर गेला तर आधी टिप बदलून बघा, कारण सैल बसणारी स्वस्त टिप हे सगळ्यात नेहमीचं कारण असतं. मग पूर्ण भरून २० सेकंद उभी धरा. थेंब लोंबला तर आतली सील किंवा ओ-रिंग गेली आहे.

१० मायक्रोलिटरला दशलक्षांश ग्रॅम वाचणारा काटा लागतो आणि तो छोट्या लॅबमध्ये नसतो. अशा वेळी एकाच भांड्यात दहा वेळा सोडा आणि एकत्र वजन करा. सरासरी कळते, विखुरणी कळत नाही. विखुरणीसाठी गडद रंगद्रवाचे १० मायक्रोलिटर, प्रत्येकी १००० मायक्रोलिटर पाण्यात, अशा दहा ट्यूब करून त्यांचं शोषण (रंग किती प्रकाश अडवतो ते) मशीनवर वाचा आणि सीव्ही काढा. त्यात मोठ्या पिपेटची विखुरणी मिसळलेली असते, म्हणून मोठी पिपेट आधी तपासून ठेवा. अभ्यास प्रसिद्ध करायचा असेल तर वर्षातून एकदा एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी भारतातली संस्था) मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅबचं प्रमाणपत्रही घ्या.

एक बारकावा मात्र लक्षात घ्यायला हवा. स्टँडर्ड (ग्लुकोज नेमकं किती ते माहीत असलेला द्रव) आणि सॅम्पल एकाच पिपेटने, एकाच रनमध्ये घेतलं, तर पिपेटची कायमची चूक दोन्हीकडे सारखी असते आणि भागाकारात निघून जाते. उरते ती विखुरणी. पण मागच्या आठवड्यातला फॅक्टर (स्टँडर्डवरून काढलेला, रंगावरून ग्लुकोज काढायचा गुणक) मशीनमध्ये ठेवून काम चालवलं, किंवा स्टँडर्ड एका पिपेटने आणि सॅम्पल दुसरीने घेतलं, तर दोन्ही पिपेटमधला फरक थेट रुग्णाच्या रिपोर्टमध्ये उतरतो. अभ्यासाच्या काळात स्टँडर्ड रोज लावा.

रोजचा कंट्रोल

कंट्रोल म्हणजे मोजमाप ठीक चाललंय का ते बघायला रोज लावायचा तयार नमुना. पावडरच्या रूपात येणारा कंट्रोल विरघळवताना साधी पिपेट वापरू नका, ५ मिलिलिटरची काचेची व्हॉल्युमेट्रिक पिपेट घ्या. इथे एक टक्का पाणी जास्त पडलं की ती बाटली संपेपर्यंत प्रत्येक आकडा एक टक्क्याने खाली. पावडर झाकणाला चिकटलेली असते, म्हणून उघडण्याआधी बाटली टिचकी मारून खाली झटका. पाणी घातल्यावर हलकेच फिरवा, फेस येऊ देऊ नका, पत्रकात दिलेला वेळ थांबा.

नॉर्मल आणि हाय असे दोन कंट्रोल २० वेगवेगळ्या दिवशी चालवा आणि त्यावरून आपली स्वतःची सरासरी आणि एसडी काढा. पत्रकातली रेंज अनेक लॅब मिळून काढलेली, म्हणून रुंद असते. तिच्यावर रोजच्या आकड्यांचा तक्ता आखला तर आपली लॅब बिघडली तरी तक्ता गप्प राहतो. सरासरी ९८ आणि एसडी २ आला तर तक्त्यावर रेषा ९४-१०२ (दोन एसडी) आणि ९२-१०४ (तीन एसडी) वर. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये हा तक्ता दवाखान्यातल्या लॅबसाठी वापरात आणला. आकडे वाचायचे नियम वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये मांडले.

एक आकडा दोन एसडीबाहेर गेला तर तो इशारा समजा. त्यावर रन फेकू नका, कारण सगळं ठीक असतानाही दोन कंट्रोलमध्ये मिळून सुमारे ९ टक्के रनमध्ये असं होतंच. तीन एसडीबाहेर गेला, किंवा सलग दोन आकडे एकाच बाजूला दोन एसडीबाहेर गेले, किंवा एकाच रनमध्ये एक कंट्रोल वर दोन एसडीबाहेर आणि दुसरा खाली दोन एसडीबाहेर, तर रिपोर्ट थांबवा. सलग चार आकडे एकाच बाजूला एक एसडीबाहेर, किंवा सलग दहा सरासरीच्या एकाच बाजूला, हे बायस शिरल्याचं लक्षण.

तक्त्याचा आकार कारण सांगतो. अचानक उडी मारली तर नवी रीएजंट लॉट (खेप), नवं स्टँडर्ड किंवा नवी कंट्रोल बाटली. हळूहळू चढ किंवा उतार असेल तर दिवा जुना होतोय, रीएजंट खराब होतंय किंवा उघड्या बाटलीतून कंट्रोल आटतोय. जीओडी-पीओडी रीएजंट उजेडात गुलाबी पडतं, म्हणून रोज ब्लँकचं (सॅम्पल न घातलेल्या रीएजंटचं) शोषण लिहून ठेवा आणि वाढायला लागलं की बाटली बदला. नुसती विखुरणी वाढली तर पिपेट, फ्लो-सेलमधला (मशीनमधली द्रव वाचायची कुपी) बुडबुडा, किंवा ३७ अंश न धरणारा हीट ब्लॉक.

कंट्रोल बाहेर गेला की तो आत येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचा, ही सवय सगळ्यात घातक आहे. चौथ्यांदा लावला की तो योगायोगाने आत येतोच, आणि बिघाड तसाच राहतो. तसंच, त्या २० दिवसांतले आवडले नाहीत ते आकडे गाळू नका. मोजताना झालेली चूक नावानिशी सापडली तरच आकडा वगळा, नाहीतर एसडी खोटा लहान येतो.

एका सॅम्पलचा अंश दुसऱ्यात जातो का हे एकदाच बघून ठेवा: हाय सॅम्पल सलग तीनदा, मग लो सॅम्पल सलग तीनदा. पहिल्या लोमधून तिसरा लो वजा करा, तिसऱ्या हायमधून तिसरा लो वजा करा, पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागून शंभराने गुणा. एक टक्क्याहून जास्त आलं तर फ्लो-सेलची धुलाई वाढवा.

दोन पद्धतींची तुलना

ग्लुकोमीटर आणि लॅब, किंवा जुनं मशीन आणि नवं, यांची तुलना करायला कमीत कमी ४० सॅम्पल घ्या, ती ६० पासून ४०० पर्यंत पसरलेली असू द्या आणि काही दिवसांत विभागून घ्या. इथे प्रबंधांमध्ये हमखास को-रिलेशन (दोन्ही आकडे एकत्र वर-खाली होतात का याचं माप, आर) दिसतं: ‘आर ०.९९, म्हणून दोन्ही पद्धती सारख्या.’ एक मशीन दरवेळी २० जास्त दाखवत असलं तरी आर ०.९९ येईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सांगितलेली पद्धत वापरा. प्रत्येक जोडीतला फरक उभ्या अक्षावर, दोघांची सरासरी आडव्या अक्षावर. फरकांची सरासरी म्हणजे बायस, आणि तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ एसडी अंतरावर मर्यादा. त्या मर्यादा रुग्णासाठी चालतील का, हे गणित सांगणार नाही. ते सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून ठरवा. आकडा वाढत जाताना फरकही फाकत असेल तर फरक टक्केवारीत काढा.

शेवटी, अभ्यास चालू असताना दर रनमध्ये दोन सॅम्पल नव्या क्रमांकाने, टेक्निशियनला न सांगता पुन्हा टाका. जोड्यांमधल्या फरकांचे वर्ग करा, बेरीज घ्या, जोड्यांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. हा आपल्या रोजच्या कामाचा खरा एसडी. तो कंट्रोलच्या एसडीपेक्षा बहुधा मोठा निघतो. शोधनिबंधात पद्धतीच्या भागात हाच द्या, आणि त्यासोबत ट्यूबचा प्रकार, रक्त घेतल्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंतचा वेळ, दोन्ही कंट्रोलचे सीव्ही आणि अभ्यासादरम्यान बदललेल्या प्रत्येक लॉटची तारीख.