जनावराचा डोळा आला? औषध नंतर, नमुना आधी

पावसाळ्यात गोठ्यात माशा वाढल्या की काटोल असो की उमरेड, नागपूरच्या आजूबाजूला ढोरांचे डोळे येऊ लागतात. आधी डोळा मिचमिचा होतो, गालावर पाण्याची ओली रेघ उमटते, मग बुबुळावर पांढरट ठिपका. 'फूल पडलं' म्हणेपर्यंत घरातली उरलेली माणसाची ड्रॉप्स घालून झालेली असतात. तीच आधी थांबवा. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळाला जखम असेल, तर डोळा हातचा जाऊ शकतो.

गाई-बैलांत या रोगामागे बहुतेकदा मोराक्सेला बोव्हिस हा जीवाणू असतो. त्याच्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे डोळा पाहून कळत नाही, प्रयोगशाळेत कळतं. पण त्यासाठी डोळ्यातून काडीवर घेतलेला नमुना औषध पडण्याआधीचा हवा. औषध आधीच सुरू केलं असेल तर कोणतं आणि कधी, ते लपवू नका.

नमुना डॉक्टरांनीच घ्यावा. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन केला तर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. तुमचं काम जनावर निवडायचं आणि धरायचं. कळपात तीन-चार जणांचे डोळे आले असतील तर नुकतंच पाणी गळायला लागलेलं जनावर पुढे करा, पूर्ण पांढरा पडलेला डोळा नको. दावं आखूड करून डोकं खांबाशी घ्या. सुकलेली चिपडं निर्जंतुक सलाइनच्या बोळ्यानं आधी पुसायची. खालची पापणी अलगद ओढली की आत गुलाबी खोबण दिसते. निर्जंतुक काडी (स्वॅब) तिथेच टेकवून हलकेच फिरवायची. पापणीच्या केसांना किंवा बाहेरच्या कातडीला ती लागली, तर रिपोर्ट गोठ्यातल्या धुळीचा येईल! दोन्ही डोळे आले असतील तर काड्या दोन. पुढच्या जनावराला हात लावण्याआधी हातमोजे बदला, नाहीतर रोग आपणच पसरवू.

काडी ट्रान्सपोर्ट मीडियमच्या (वाटेत जीवाणू जिवंत ठेवणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घालून, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, डोळा डावा की उजवा आणि तारीख लिहा. नळी बर्फाच्या पिशवीसोबत थंड ठेवायची, गोठवायची नाही, आणि २४ तासांत पोचवायची. शहरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना कधी घेतात ते फोन करून विचारून निघा.

तिथे जीवाणू वाढवून थाळीवर पसरतात आणि वर औषधाच्या चकत्या ठेवतात. औषध चाललं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ राहतं. याला काही दिवस जातात. तोवर नमुना दिल्यावर डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध चालू ठेवा, जनावर वेगळं आणि सावलीत बांधा, माशा आवरा.

रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधापुढे मिलिमीटर आणि एक अक्षर असतं: 'एस' म्हणजे चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही, 'आय' म्हणजे मधलं. इथे हमखास गफलत होते. एकापुढे २४ आणि दुसऱ्यापुढे २० असलं, म्हणून २४ वालं भारी ठरत नाही. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. आकडे सोडा, अक्षर बघा. आणखी एक बारकावा: ही अक्षरं साधारणपणे इंजेक्शननं रक्तात पोचणाऱ्या औषधाच्या हिशोबानं ठरतात. मलम डोळ्यावर कितीतरी जास्त प्रमाणात पडतं, म्हणून 'आर' असलेलं औषधही मलमातून कधी काम करून जातं. तो निर्णय डॉक्टरांचा, मेडिकलवाल्याचा नव्हे. 'एस' आलेल्यांतून निवडताना दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हेही विचारून घ्या.

'वाढ आढळली नाही' असं आलं, तर जीवाणू नाहीच असं समजू नका. शेळ्या-मेंढ्यांत मायकोप्लाझ्मा हा जीवाणू मोठं कारण आहे. तो साध्या थाळीवर वाढत नाही आणि त्याला पेशीभित्तिकाच (पेनिसिलिन ज्यावर घाव घालतं ते बाहेरचं कवच) नसल्यानं पेनिसिलिनचाही उपयोग नाही. त्यासाठी पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी मागा. गाई-बैलांत मात्र डॉक्टरांना तिसऱ्या पापणीखाली बघायला सांगा. तिथे पांढरा, बारीक दोऱ्यासारखा जंत वळवळत असेल तर औषध जंताचं लागतं.