रेंडरमध्ये माणसं आणि झाडं बसवताना

रेंडर म्हणजे संगणकाने तयार केलेलं घराचं चित्र; त्यात फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये माणसं आणि झाडं बसवायची आहेत. रेंडर १६-बिट टिफमध्ये (रंगांच्या जास्त बारीक छटा ठेवणारी फाइल) काढा. जेपीजीचा उजेड-रंग फार ताणला की आभाळात पट्टे पडतात. अँबियंट ऑक्लुजनचा पास (कोपऱ्या-फटींतल्या हलक्या सावल्यांचं वेगळं चित्र) मल्टिप्लायवर, म्हणजे खालचं चित्र गडद करणाऱ्या मोडवर ठेवा, ऑपॅसिटी (थराचा ठळकपणा) ३० टक्क्यांच्या आसपास. मटेरियल आयडीवरून (प्रत्येक साहित्याला वेगळा रंग दिलेलं रेंडर) भिंत, काच, कौलं वेगवेगळी निवडून कर्व्हजने, म्हणजे उजेड-अंधार बदलणाऱ्या आलेखाने, उजेड जुळवा. मूळ लेयरला (चित्राच्या थराला) हात लावू नका.

आता खरं काम. बेळगावच्या टिळकवाडीतल्या बंगल्याच्या चित्रात मेपलची झाडं आणि लांब कोटातली माणसं चिकटवू नका. घरमालकाला ते घर आपलं वाटतच नाही. आंबा, नारळ, गुलमोहर इथेच उभे आहेत, फोटो स्वतः काढा. रेंडरमध्ये ज्या बाजूने ऊन येतं, त्याच बाजूचं ऊन फोटोतही हवं. फोटो आरशासारखा डावा-उजवा फिरवून चालत असेल तर फिरवा, नाहीतर दुसरा घ्या.

माणसाचा आकार ‘नजरेने बघून’ ठरवा, असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. आधी क्षितिजरेषा शोधा: जोत्याच्या वरच्या आणि खालच्या कडा पुढे वाढवल्या की जिथे मिळतात, तिथे आडवी गाइड (मदतीची रेघ) टाका. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि जमीन सपाट असेल, तर उभ्या मोठ्या माणसांचे डोळे त्याच रेषेवर यायला हवेत, माणूस जवळ असो की पार फाटकापाशी. लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. व्हरांड्यात उभा असेल तर जोत्याच्या उंचीइतका वर घ्या. मुलं अर्थातच रेषेखाली.

मग सावली. ड्रॉप शॅडो (सॉफ्टवेअरची तयार सावली) वापरू नका, तिने माणूस कागदावर चिकटवलेला दिसतो. माणसाच्या लेयरची प्रत काढा, एका रंगाने भरा, डिस्टॉर्टने (कोपरे ओढून आकार बदलणारं साधन) जमिनीवर आडवी करा आणि मल्टिप्लायवर ठेवा. दिशा आणि लांबी रेंडरमधल्या जवळच्या खांबाच्या सावलीवरून घ्या, रंगही तिथूनच उचला. शुद्ध काळा कधीच नको. पायापाशी कड स्पष्ट, पुढे हळूहळू धूसर.

रेंडरचा सूर्यही तपासा. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो. त्या वेळच्या दृश्यात लांब सावली टाकली तर सगळं खोटं वाटतं.

खानापूरकडच्या लाल मातीतलं घर असेल, तर उन्हातल्या पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याला मातीवरून उसळलेल्या उजेडाची फिकट तांबूस छटा सॉफ्ट लाइटवर (रंग हलकेच मिसळणारा मोड) द्या. अथणीकडच्या काळ्या जमिनीवर ती नको.

शेवटी हलकं शार्पन करा, एसआरजीबीमध्ये (बहुतेक पडद्यांवर चालणारी रंगपद्धत) प्रत काढा.