ओसाकात रात्री खायला-प्यायला बाहेर पडताना
इझाकायात, म्हणजे जपानी पद्धतीच्या साध्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यात, पेय मागवलंत की न मागता एक छोटी वाटी पुढ्यात येते. ती फुकट नसते. ओसाकाकडे तिला ‘त्सुकिदाशी’ म्हणतात, टोकियोकडे ‘ओतोशी’. माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात. हे बसण्याचेच पैसे समजा, म्हणजे बिल पाहून फसवल्यासारखं वाटणार नाही. टिप मात्र ठेवू नका, तशी पद्धतच नाही.

शिनसेकाई भागात कुशिकात्सु खाच. काडीला टोचून, ब्रेडचा चुरा लावून तळलेलं मांस, कोळंबी, कांदा, कमळकाकडी. गरमागरम आणि थंड बिअरसोबत फार सुरेख लागतं. सॉसचं भांडं सगळ्यांसाठी एकच असेल तर काडी एकदाच बुडवायची, चावा घेतल्यावर पुन्हा नाही. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे समजवावं लागत नाही. सॉस कमी पडला तर सोबतच्या कोबीच्या पानाने उचलून घ्या.

शाकाहारी असाल तर जपून. थंड टोफूवरही अनेकदा वाळवलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला असतो. मागवतानाच ‘कात्सुओबुशी नाशी दे’ म्हणा. एदामामे, म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, त्यातल्या त्यात निर्धोक.

आणि हॉटेलकडे जाणारी शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते निघण्यापूर्वीच बघा. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या थांबतात, त्या पहाटे पाचपर्यंत. रात्री 10 नंतर टॅक्सीही महागते.