खाणीच्या उजाड जमिनीला आणि पाणथळीला कंपोस्ट कसं द्यायचं

खाणीतून उपसलेल्या मातीत सेंद्रिय अंश जवळपास नसतोच. म्हणून बी पेरण्याआधी मी 5 ते 10 सेंमी कंपोस्ट पसरते आणि वरच्या 15-20 सेंमी मातीत कालवते. नुसतं वर टाकलेलं पहिल्या मोठ्या पावसात उतारावरून वाहून जातं. माती फार आम्लधर्मी असेल तर सोबत चुना हवाच. एकट्या कंपोस्टच्या जिवावर ते निभत नाही.

कंपोस्ट मुरलेलं हवं, यात मी तडजोड करत नाही. ओलसर मूठभर पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबूस भपकारा आला, तर ढीग अजून मुरू द्या. कच्च्या खतात कुजण्याचं काम चालूच राहतं, त्यात मातीतला नत्र अडकतो आणि रोपं पिवळी पडतात.

खाणीचं आम्लयुक्त पाणी शुद्ध करणाऱ्या पाणथळीची रचना वेगळी: तळाला चुनखडीचे तुकडे, वर कंपोस्ट, त्यावर पाणी. खाली झिरपताना कंपोस्टमधले जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, त्यामुळे चुनखडीवर लोहाचा तांबूस थर चढत नाही. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर समजा, सल्फेटवर जगणारे जीवाणू कामाला लागलेत. (वाकून हुंगायला मात्र जाऊ नका, तो वायू विषारी आहे.) सुरुवातीचं तपकिरी पाणी नत्र-स्फुरदाने भरलेलं असतं, ते थेट ओढ्यात सोडू नका.