फ्लॅट भाड्याने देताय? निदान या चुका तरी टाळा

गेल्या महिन्यात ओळखीतल्या तिघांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि तिघांनीही मला एकच वाक्य ऐकवलं: "11 महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? नोटरी केली की झालं." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

महाराष्ट्रात हे साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार 11 महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोक इथवर वाचतात आणि "कोण विचारतंय" म्हणून सोडून देतात. खरी मेख त्याच कलमात आहे. नोंदवलेला करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं. ते तसं नव्हतं हे सिद्ध करत बसायचं मालकाने.

माझा सिंहगड रस्त्यावरचा वन-बीएचके असाच गेला होता. एजंटने स्टॅम्प पेपरवर करार आणला, नोटरीचा शिक्का मारून घेतला. भाडं 14,000, डिपॉझिट 40,000. मुदत संपल्यावर दोन वेळा तोंडीच वाढवली, भाडं रोखीत घेत राहिलो. मग घरात पैशाची नड आली आणि फ्लॅट विकायला काढला. भाडेकरू म्हणाला, भाडं 9,000 ठरलं होतं, डिपॉझिट दीड लाख दिलंय, ते परत करा मग बघू. वकिलांनी कलम 55 वाचून दाखवलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला. माझ्याकडे ना पावती होती, ना बँकेची नोंद. सात महिन्यांचं भाडं बुडालं आणि शेवटी 90,000 रुपये हातावर ठेवून किल्ली परत मिळाली. त्या काळात वीज तोडा, कुलूप बदला असे सल्ले देणारे पुष्कळ भेटले. ते ऐकू नका, उलट तुमच्यावरच तक्रार होईल.

नोंदणीला खर्च तरी किती? भाडं 18,000, डिपॉझिट 50,000, मुदत 11 महिने धरली तर मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्याने 500 रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000. आता हे ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. नोंदवलेला करार असला आणि मुदतीनंतरही भाडेकरूने राहता फ्लॅट सोडला नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करता येतो आणि जास्त राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. माझा नेम असा आहे: नोंदणी झाल्याशिवाय किल्ली नाही, आणि भाडं फक्त बँकेत. "सामान आजच आणतो, करार पुढच्या आठवड्यात करू" म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो, मग जागा महिनाभर रिकामी राहिली तरी चालेल.

दुसरी चूक हिशेबाची. "भाड्यातून हप्ता सुटेल" म्हणत दुसरा फ्लॅट बुक करणाऱ्या तरुणांना मी कागद-पेन घेऊन बसवतो. समजा फ्लॅट 70 लाखांचा, भाडं 20,000, म्हणजे वर्षाचे 2,40,000. त्यातून एक महिना जागा रिकामी, 20,000. एजंटचं एक भाडं, 20,000. मेंटेनन्स 36,000, मिळकतकर 18,000, रंग-प्लंबर 15,000. उरले 1,31,000, म्हणजे दोन टक्केही नाहीत. आणि 50 लाखांच्या कर्जाचा 20 वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी महिना 43,000 च्या वर जातो. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत असते, फ्लॅट भाड्याने दिला की ती जाते. हे कोणीच हिशेबात धरत नाही.

प्राप्तिकरातही गफलत होते. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, तुमचा खर्च कमी झालेला असो की जास्त. त्यामुळे रंगाच्या पावत्या वेगळ्या लावता येत नाहीत. मिळकतकराची वजावट प्रत्यक्ष भरला तरच. नव्या करपद्धतीत घराचा तोटा, म्हणजे कर्जाचं व्याज भाड्याहून जास्त झालं तर पडणारी तूट, पगारातून वजा होत नाही. हे कर्ज काढण्याआधी बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगर-वहिवाट शुल्काच्या नावाखाली वाटेल तो आकडा लावते आणि मालक मुकाट भरतो. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचा कर धरायचा नसतो.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची राहून जाते. ऑनलाइन फॉर्म आहे, करार झाला त्याच दिवशी भरा.

डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापू नका. दोन-तीन वर्षं माणसं राहिली की भिंती मळणारच. मोडतोड असेल तर कापा, पण त्यासाठी किल्ली देतानाच भाडेकरूला सोबत घेऊन व्हिडिओ काढलेला हवा: नळ, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या, विजेच्या मीटरचं रीडिंग. मी तो तिथेच उभ्या उभ्या त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो.

मुलगा परदेशात आणि फ्लॅट त्याच्या नावावर असेल, तर टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडं कितीही लहान असलं तरी. हे त्याला करार करतानाच सांगा, वर्षअखेरीला नव्हे.