घरबसल्या कणभौतिकी: म्युऑनच्या जोड्यांपासून सुरुवात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून दहावी झालेली मुले पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेतात, तेव्हा त्यांना आधी शब्द अडवतात, गणित नंतर. म्हणून आंतरजालावरून कणभौतिकी शिकायला बसण्यापूर्वी एक वही फक्त शब्दांसाठी ठेवा. पानावर चार रकाने आखा: मराठी शब्द, कन्नड शब्द, इंग्रजी शब्द आणि एकक.

सगळ्यात फसवा शब्द 'अणू'. आपल्या मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. कन्नड आणि हिंदी पाठ्यपुस्तकांत ॲटमला परमाणु म्हणतात, अणु म्हणजे मॉलिक्यूल. त्यामुळे कन्नड किंवा हिंदी व्हिडिओत 'अणु' ऐकले की मनात रेणू लिहा. मराठीतला प्रभार तिथे आवेश होतो आणि वस्तुमानाला कन्नडमध्ये द्रव्यराशी म्हणतात. संवेग मात्र तिन्हीकडे संवेगच. यूट्यूबच्या आपोआप मराठी भाषांतरावर विसंबू नका; तिथे चार्जचे शुल्क आणि फ्लेवरची चव होऊ शकते. इंग्रजी उपशीर्षके लावून वेग 0.75 वर ठेवलेला बरा.

पहिला आठवडा 'पार्टिकल ॲडव्हेंचर' या संकेतस्थळाला द्या. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या पार्टिकल डेटा ग्रुपने ते सामान्य वाचकांसाठी तयार केले आहे. पाने छोटी आहेत, इंग्रजी सोपे आहे. रोज दहा-बारा पाने वाचा. सहा क्वार्क, सहा लेप्टॉन आणि बलवाहक कण यांचा तक्ता न बघता काढता येईपर्यंत पुढे सरकू नका. स्ट्रिंग सिद्धान्त, समांतर विश्वे असल्या व्हिडिओंना आत्ता हात लावू नका. ते चटकदार असतात, पण त्यांतले काहीच तुम्हाला स्वतः तपासून बघता येत नाही, आणि इथे सगळी गंमत तपासून बघण्यात आहे.

तपासायची सामग्री सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या 'सर्न ओपन डेटा' या पोर्टलवर आहे. ते 2014 मध्ये सुरू झाले. पैसे पडत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही. आधी तिथले सीएमएसचे (सर्नमधल्या एका मोठ्या शोधकयंत्राचे) घटनादर्शक उघडा आणि प्रोटॉनांच्या वीस-पंचवीस टकरी फिरवून-फिरवून पाहा. लांब, लाल, बाहेरच्या थरापर्यंत पोचलेली रेघ म्हणजे म्युऑन, इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन आतल्या थरांतच अडतात; म्युऑन पितळ-पोलादही ओलांडून जातो. 3.8 टेस्लाच्या चुंबकात रेघ कोणत्या बाजूला वळली यावरून प्रभार कळतो, किती वळली यावरून संवेग. जमिनीखालीही म्युऑन खोलवर शिरतात. म्हणूनच त्यांची गर्दी टाळून न्यूट्रिनो (पदार्थाशी क्वचितच भिडणारे प्रभारहीन कण) पकडण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ आपल्या कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खाली उतरले होते. वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो 1965 मध्ये जगात प्रथम जिथे टिपले गेले, त्या दोन जागांपैकी ही एक.

आता मुख्य काम. पोर्टलच्या शोधचौकटीत डायम्युऑन (dimuon) हा शब्द इंग्रजीतून टाका आणि सीएमएसच्या 2011 च्या नोंदींवरून केलेली, एक लाख टकरींची सीएसव्ही फाईल उतरवून घ्या. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो, तेव्हा शहरात आलात की उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. पुढचे काम संगणकावर करा. मोबाईलवर एवढी फाईल अडकते. लिब्रऑफिस कॅल्क फुकट आहे आणि पुरेसे आहे. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात साठवलीत तर 65,536 ओळींच्या पुढचे सगळे कापले जाते. गूगल शीट्समध्ये ती मावते, पण सूत्र भरले की रखडते, म्हणून सरावाला पहिल्या दहा हजार ओळीच घ्या.

प्रत्येक ओळ म्हणजे एक टक्कर आणि तिच्यातले दोन म्युऑन. प्रत्येकाची ऊर्जा, संवेगाचे तीन घटक, प्रभार वगैरे आणि शेवटच्या रकान्यात जोडीचे वस्तुमान, म्हणजे ही जोडी एकाच कणाच्या विघटनातून निघाली असेल तर त्या कणाचे वस्तुमान. तो शेवटचा रकाना लपवा आणि वस्तुमान स्वतः काढा. दोन्ही ऊर्जांची बेरीज करून वर्ग करा. संवेगाच्या एक्स घटकांची बेरीज, वायची बेरीज, झेडची बेरीज, प्रत्येकीचा वर्ग त्यातून वजा करा. उरले त्याचे वर्गमूळ. प्रकाशाचा वेग 1 धरलेला असल्याने ऊर्जा आणि संवेग दोन्ही जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) या एककात आहेत, आणि म्हणूनच ही वजाबाकी थेट चालते.

इथे हमखास चूक होते. 'ई-2' हे दुसऱ्या म्युऑनच्या ऊर्जेच्या रकान्याचे नाव आहे, पण शीटमधल्या ई-2 या घरात पहिल्या म्युऑनचा एक्स-संवेग असतो. दुसऱ्याची ऊर्जा एम रकान्यात सापडते. सूत्र टंकू नका, घरावर टिचकी मारून निवडा. मग लपवलेला रकाना उघडून ताडून पाहा. दशांशात किरकोळ फरक पडला तर तो संख्या पूर्णांकित केल्याचा. त्याहून जास्त असेल तर घर चुकले आहे.

नंतर दोन्ही प्रभारांचा गुणाकार उणे 1 येतो त्याच ओळी ठेवा आणि स्तंभालेख काढा. सगळ्या पट्ट्याला एकच रुंदी लावली की आलेख फसतो. 60 ते 110 जीईव्हीसाठी 1 जीईव्हीचे स्तंभ घ्या. 91 च्या आसपास झेड बोसॉन या बलवाहक कणाचा डोंगर उभा राहील. 2 ते 5 साठी स्तंभ 0.05 चे हवेत, नाहीतर 3.1 वरचे जे-साय या कणाचे शिखर एकाच स्तंभात गडप होते. 9 ते 11 मध्ये 0.1 ठेवा. अप्सिलॉन कणाचे 9.46 चे शिखर दिसेल आणि त्याच्या उजवीकडे 10.02 व 10.36 ची लहान भावंडे एकमेकांत मिसळलेली.

आता पार्टिकल डेटा ग्रुपची सूची उघडा आणि या कणांची स्वाभाविक रुंदी, म्हणजे अल्पायुष्यामुळे कणाच्या वस्तुमानात मुळातच येणारा पसरटपणा, बघा. झेडची जवळजवळ 2.5 जीईव्ही आहे, म्हणजे तुमच्या डोंगराची बरीचशी रुंदी त्या कणाचीच. जे-सायची एका जीईव्हीच्या दहा हजाराव्या भागाएवढीही नाही. तुम्हाला तो कितीतरी पसरट दिसतो, कारण ती रुंदी शोधकयंत्राच्या मोजमापातली आहे. हा फरक स्वतःच्या आलेखावर दिसला की पुढचे कितीतरी वाचन सोपे जाते.

ज्या ओळी गाळल्या, म्हणजे दोन्ही म्युऑन एकाच प्रभाराचे, त्यांचाही त्याच रुंदीने आलेख काढा. त्यात शिखरे उरायला नकोत, कारण उदासीन कणापासून धन-धन जोडी निघू शकत नाही. शिखर तरीही दिसले तर तुमची गाळणी चुकली आहे. आणि या फाईलमध्ये हिग्ज बोसॉन शोधत बसू नका: तो 125 जीईव्हीवर आहे आणि ही फाईल 110 ला संपते.