दूरस्थ पद्धतीने तत्त्वज्ञानात एम.ए. करताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात मित्राचा मुलगा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ॲडमिशनवाल्याच्या ऑफिसातून थेट माझ्याकडे आला. हातात गुळगुळीत माहितीपत्रक. "काका, ए प्लस आहे की! यूजीसी मान्यताप्राप्त पण लिहिलंय. पाच हजार भरून सीट बुक केली." दिवसभर वडिलांचं दुकान सांभाळायचं आणि तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं असं त्याच्या मनात आहे. मनसुबा उत्तम, पण घाई नडली.

विद्यापीठ खरं, म्हणून कोर्सही खरा

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत असणं ही एक गोष्ट. त्याला नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणी (ते 'ए प्लस') असणं ही दुसरी. आणि अमुक एक अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी असणं ही तिसरी. नॅक सबंध संस्थेचा दर्जा तपासते, एकेक अभ्यासक्रम नाही. दूरस्थची परवानगी यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग देतो, त्याला सगळे डीईबी म्हणतात. ही परवानगी त्या त्या अभ्यासक्रमाला आणि ठरावीक सत्रांपुरती असते. दूरस्थ आणि ऑनलाइन यांच्या परवानग्याही वेगळ्या.

चहा घेता घेता आम्ही मोबाइलवर डीईबीचं संकेतस्थळ उघडलं. विद्यापीठ सापडलं. खाली अभ्यासक्रमांची यादी: एम.बी.ए., एम.कॉम., एम.ए. इंग्रजी, एम.ए. अर्थशास्त्र. तत्त्वज्ञान नाही. पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. ऑनलाइनची यादी काढली, तिथंही नाही. पोरगं गप्प. चहावर साय आली.

माहितीपत्रकावर 'डीईसी (दूरस्थ शिक्षण परिषद) मान्यता' असं लिहिलेलं दिसलं तर ते तिथंच ठेवून द्या. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अखत्यारीतली ती परिषद २०१३ मध्येच बरखास्त झाली. आणखी एक खूण सांगतो. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. "त्याची काही गरज नाही, आम्ही बघतो," असं कुणी म्हणालं की उठून यायचं.

फी मधल्या माणसाकडे भरणं

विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम दुसऱ्याला फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाही. फी विद्यापीठाच्या खात्यात जाते आणि पावतीवर विद्यापीठाचं नाव असतं. आमच्या पोराच्या पावतीवर कुठल्यातरी 'एज्युकेशन सर्व्हिसेस'चा शिक्का होता. तसंच, राज्य विद्यापीठांना दूरस्थ अभ्यासक्रमासाठी कार्यक्षेत्राची मर्यादा असते. लांबच्या राज्यातल्या विद्यापीठाचं 'कोल्हापूर केंद्र' दिसलं, तर आधी हे विचारा.

'दूरस्थची पदवी कमी दर्जाची' हे ऐकून सोडून देणं

ही उलट्या बाजूची चूक. मान्यता असलेल्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या मानाव्यात, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या एम.ए.वर नेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा देता येते, नियमित पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. पीएच.डी. मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन होत नाही. परदेशी संस्थेच्या नावाने 'ऑनलाइन पीएच.डी.' विकणाऱ्यांबद्दल यूजीसी आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्येच सावध केलं होतं.

कागदावर बरोबरीची असली तरी मुलाखतीच्या टेबलावर भुवया उंचावतात, हेही खरं. तिथं तुमचं वाचन बोलतं.

५५ टक्क्यांचं गणित शेवटी करणं

ही माझी स्वतःची चूक. बँकेत नोकरी करत एम.ए. केलं, 'पास झालो की झालं' अशा बेताने. निकाल ५४.६. नेटला खुल्या गटासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात (राखीव गटांना ५०) आणि गुण पूर्णांकात वर ओढले जात नाहीत. पॉइंट चारसाठी मी वर्षभर लटकलो. काही विद्यापीठं श्रेणीसुधाराची संधी देतात, पण तिला मुदत असते आणि किती विषय पुन्हा द्यायचे यालाही मर्यादा असते. हा नियम प्रवेश घेतानाच वाचून ठेवा. शिवाय स्वाध्यायाचे गुण म्हणजे हातचे गुण. झेरॉक्सच्या दुकानात तयार सोडवलेले स्वाध्याय मिळतात, ते उतरवून काढू नका. तपासणाऱ्याकडे तेच उत्तर आधीच वीस जणांनी पाठवलेलं असतं.

माध्यम आणि पुस्तकं न बघणं

इग्नूचं तत्त्वज्ञानाचं एम.ए. इंग्रजी आणि हिंदीतून आहे. बी.ए.पर्यंत सगळं मराठीत झालेल्याला जर्मन तत्त्वज्ञ कान्ट थेट इंग्रजीत वाचायला जड जातो. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या तिच्या संकेतस्थळावर फुकट आहे. फी भरायच्या आधी न्यायदर्शनावरचा, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेवरचा, एक पाठ काढा, दोन संध्याकाळी वाचा, आणि अनुमान म्हणजे काय हे पुस्तकात न बघता दोन पानांत लिहा. जमलं तर पुढं जा. पानभरातच कंटाळा आला, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

पदवी कशासाठी, हे न ठरवणं

बारावीला तर्कशास्त्र शिकवायचं असेल तर एम.ए.बरोबर बी.एड. लागतं, आणि जागा मोजक्या असतात. यूपीएससीचा वैकल्पिक विषय म्हणून तत्त्वज्ञान हवं असेल, तर त्यासाठी एम.ए. लागतच नाही. दोन पेपर, ५०० गुण, पदवी कुठलीही चालते. नोकरीत वेतनवाढ हवी असेल तर आस्थापना शाखेला आधी लेखी विचारा. नुसती आवड असेल तर तेही कारण पुरेसं आहे.

परदेशी ऑनलाइन पदवीचा विचार असेल तर अमेरिकेत 'अक्रेडिटेड' या शब्दावर जाऊ नका. अक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेला तिथल्या शिक्षण खात्याची किंवा 'चिया' (CHEA) या उच्च शिक्षण मान्यता परिषदेची मान्यता आहे का, ते बघा. बनावट विद्यापीठं आपली अक्रेडिटेशन संस्थाही स्वतःच काढतात. नोकरी भारतात करायची असेल तर समकक्षतेचा प्रश्न फी भरण्याआधी सोडवा.

पैसे भरून बसला असाल तर

फोनवर वाद घालू नका, मेल करा: परवानगीच्या पत्राची प्रत द्या, नाहीतर पैसे परत करा. पावती, माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. मूळ विद्यापीठाला मेलची प्रत पाठवा. आपल्या नावावर कोण काय विकतंय हे त्यांनाही कळू दे. त्यानंतर यूजीसीकडे तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेतच.

पोराने त्याच रात्री मेल पाठवला. आठवडे उलटले, उत्तर नाही. फोन मात्र रोज येतो: "सर, आज ॲडमिशन कन्फर्म करा, उद्यापासून फी वाढणार आहे."